आचार्य विनोबा भावे

कुलाबा जिल्ह्यांतील गागोदें येथें ता. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबांचा जन्म झाला. १९१६ सालीं ते गांधीजींच्या आश्रमांत आले व पुढें वर्ध्यास राहिले.

ता. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं लोकांस न विचारतां इंग्रज सरकारनें हिंदुस्थानास महायुद्धांत ओढलें. विरोध तर करावयाचा, परंतु संकटांतील सरकारास कोंडींत धरावयाचें नाहीं, असा गांधीजींचा निश्चय होता. म्हणून जमाव न जमवितां निवडक व्यक्तींनीं एकेकट्यानें सत्याग्रह करावा असें ठरलें. पहिला मान फारशा प्रसिद्ध नसलेल्या विनोबांस मिळाला. ता. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं पवनार येथें त्यांनीं ग्रामस्थांस सांगितलें कीं, या युद्धास माणसें किंवा पैसा पुरविणें अयोग्य आहे. चार दिवसांनीं त्यांस अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढें २०,००० हून अधिक नागरिक तुरुंगांत गेले.

युद्ध थांबलें नाहीं. तथापि संमतीवांचून लादलेल्या युद्धास साधा मनुष्यहि द्वेषावांचून नकार देऊं शकतो, हें सिद्ध झालें.

आमचीं नांदेड व लातूर ज्या हैदराबाद राज्यांत होतीं, त्याच राज्यांतील पोचमपल्लीस १९५१ सालीं त्यांस पहिलें भूदान मिळालें. ता. १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं पवनार येथेंच ते निवर्तले. त्यांची ती निर्भय सौम्यता आम्हां विद्यार्थ्यांच्या अंगीं यावी.