होमी जहांगीर भाभा
होमी जहांगीर भाभा (जन्म : मुंबई, ३० ऑक्टोबर १९०९, मृत्यू : माँ ब्लाँ, २४ जानेवारी १९६६) हे भारतीय अणुसंशोधनाचा पाया घालणारे भौतिकशास्त्रज्ञ होते.

जीवन
केंब्रिज येथे शिक्षण घेऊन त्यांनी विश्वकिरणांवर मूलभूत संशोधन केले. १९३९ मध्ये सुटीसाठी भारतात आले असता महायुद्ध सुरू झाले व ते येथेच राहिले. त्यांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

संमीलन ऊर्जेचे भाकीत
ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथील अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी केंद्रकीय संमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळवण्याची रीत दोन दशकांत सापडेल, असे भाकीत केले. अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत संघ यांचे या विषयातील संशोधन तेव्हा गुप्त होते. भाभांच्या विधानानंतर त्याची जाहीर चर्चा सुरू झाली आणि १९५८ च्या दुसऱ्या परिषदेत ते बव्हंशी खुले झाले.

भाकितातील मुदत मात्र खरी ठरली नाही. कोट्यवधी अंश तापमानाचा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडला तरी त्यातील काही कण पात्राच्या भिंतीवर आदळतात. भिंतीतून सुटलेले जड अणू प्लाझ्मात शिरतात, प्रारणरूपाने ऊर्जा बाहेर टाकतात व प्लाझ्मा थंडावतो. ही अशुद्धी कोठून येते व कशी पसरते, हे आता संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने अभ्यासले जाते. भाभांच्याच संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला होता. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये 'आदित्य' हे टोकामॅक यंत्र सुरू झाले.