खेळपट्टी ओळखणारा गोलंदाज : बाळू पालवणकर

या स्मरणिकेत आपल्या शाळेच्या आठवणी आहेत, गुरुजनांचे आशीर्वाद आहेत, वर्गमित्रांच्या वाटचालीचा आढावा आहे. त्यांच्या जोडीला एका अशा माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते, ज्याचा खेळ आपल्याच पुणे जिल्ह्यात घडला. पासलीहून वेल्हे, नसरापूर करत आपण पुण्याला जातो, त्याच पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी एक मुलगा क्रिकेटच्या मैदानावर झाडू मारत होता, रोलर ओढत होता. पुढे हाच मुलगा भारताचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज ठरला. त्याचे नाव बाळू पालवणकर. इंग्रजी धावफलकांवर ते पी. बाळू असे लागत असे.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवणचे. आडनाव गावावरूनच आले. जात चर्मकार, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानली गेलेली. वडिलांच्या लष्कराशी संबंधित नोकरीमुळे कुटुंब पुण्यात आले. लष्करी अधिकारी खेळून टाकून दिलेल्या चेंडू-बॅटींवर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही नामवंत खेळाडू झाले.

घरची परिस्थिती ओढगस्तीची असल्याने बाळूंचे शिक्षण लवकर थांबले. पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्रिकेट मैदानावर. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे. पगार महिना 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबात गेले. तिथे 4 रुपये मिळू लागले. रोलर फिरवायचा, जाळी उभारायची, टेनिस कोर्टावर रेघा आखायच्या आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे, असा दिवस जाई.

चेंडू टाकण्याचे हे काम त्यांच्याकडे ट्रॉस नावाच्या एका इंग्रज सदस्याच्या प्रोत्साहनाने आले, असे सांगतात. कॅप्टन बार्टन नावाच्या डावखुऱ्या इंग्रज गोलंदाजाची सहज, सफाईदार शैली त्यांनी नजरेत साठवली होती. आरंभ झाला तो अशा अनुकरणातून. आपण सारे असेच शिकलो. टेनिस बॉल हातात आला की कोणी कपिलदेवसारखी उडी घ्यायचा, कोणी कुंबळेसारखा हात उंच न्यायचा. अनुकरणात कमीपणा नाही, फक्त तिथेच थांबून चालत नाही.

इथे गोलंदाजीच्या प्रकारांविषयी थोडे सांगायला हवे. ढोबळमानाने गोलंदाज दोन जातींचे, वेगावर विसंबणारे आणि फिरकीवर विसंबणारे. वेगवाल्यांत कोणी निव्वळ गतीने फलंदाजाला उशीर करायला लावतो, कोणी चेंडूची शिवण सरळ धरून तो हवेत आत-बाहेर वळवतो. फिरकीत कोणी बोटांनी चेंडू फिरवतो, कोणी मनगटाने. उजव्या हाताने बोटांची फिरकी टाकली की चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत येतो. मनगटाची टाकली की बाहेर जातो. डावखुऱ्याने बोटांनी फिरवलेला चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर, स्लिपच्या दिशेने निघतो. बाळूंची मूळ शैली ही होती, मंदगती डावखुरी फिरकी.

पण प्रकाराचे नाव कळले म्हणजे शैली सापडली असे नाही. एकाच प्रकारचे दहा गोलंदाज दहा तऱ्हांनी टाकतात. बोटांची लांबी, खांद्याची ताकद, धावत येण्याची लय आणि स्वभाव यांतून ज्याची त्याची गोलंदाजी घडते. बाळूंच्या समकालीन जाणकारांनी त्यांचे जे वर्णन केले, त्यावरून त्यांच्या भात्यात काय काय होते ते कळते. ते चेंडू दोन्ही बाजूंना वळवत. टप्पा पडण्याआधीच चेंडू हवेत वाकडा जाई. ते गती सारखी बदलत. ओल्या खेळपट्टीवर तर त्यांच्यापुढे टिकाव धरणे फार कठीण जाई.

ही शेवटची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळी खेळपट्टी झाकून ठेवण्याची पद्धत नव्हती. पाऊस पडून गेल्यावर ऊन आले की वरची माती सुकू लागे आणि आत ओल राही. अशा मातीत फिरणारा चेंडू रुतल्यासारखा अडकतो आणि मग अचानक उसळतो. कोणत्या तासाला, कोणत्या बाजूला हे घडेल, हे रोलर ओढणाऱ्याइतके कोणाला कळणार? पाणी किती मारले, दाब किती दिला, भेग कुठून पडते, हे बाळूंनी फलंदाजाच्याही आधी हातापायांनी जाणलेले होते. भाताच्या खाचराची ओल पायाने ओळखणाऱ्या आपल्या मावळातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पूना क्लबातले नामांकित फलंदाज होते कॅप्टन जे. जी. ग्रेग. ते इंग्लंडात हॅम्पशायर काउंटीकडूनही खेळले. इतर सदस्यांच्या आधी तासभर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. बाद केल्यावर दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांचे खरेखोटे काही असो, एका उत्तम फलंदाजाला रोज चकवण्याच्या खटपटीत बाळूंची शैली पक्की होत गेली, यात शंका नाही. मात्र अनेक वर्षे शेकडो तास चेंडू टाकूनही त्या क्लबात त्यांना एकदाही फलंदाजी मिळाली नाही. बॅट ज्याची त्याची पाळी पहिली, हा आपल्या खाचरातल्या क्रिकेटचाही नियम होता. पण तिथे संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची पाळी येत असे. बाळूंची आली नाही.

ग्रेगसाहेबांना चकवणाऱ्या या पोराची कीर्ती पुण्यातल्या हिंदू क्लबापर्यंत गेली. त्याला संघात घ्यावे की नाही यावर क्लबात वाद झाला. अखेर युरोपियनांना हरवण्याची इच्छा सोवळ्याहून बलवान ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर त्यांचा चेंडू सर्वांच्या हातात जाई. चहाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीचे कप आणि बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा. जेवायचे वेगळ्या टेबलावर, वेगळ्या ताटात. तोंड धुवायचे झाले तर पाणी आणून देणारा माणूसही अस्पृश्यच असे.

सातारच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा सामना तेव्हा गाजला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तिथली खेळपट्टी आठवडाभर रोलर फिरवून कडक केली होती. ज्याचे आयुष्य रोलर ओढण्यात गेले त्याच्यावर रोलरचा डाव! बाळूंनी 7 गडी बाद केले आणि सामना जिंकला. त्यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला आणि सहकाऱ्यांना समज दिली की, ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर खातापिताही आले पाहिजे. लोकमान्य टिळकांनीही पुढे एका सभेत त्यांचे कौतुक केले.

पुण्यात प्लेगची साथ आल्यावर बाळू मुंबईला गेले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही प्रवेशावरून कुरबुर झाली, पण पुण्याप्रमाणेच त्यांच्या गोलंदाजीने दार उघडले. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि तिच्या संघातूनही ते खेळले.

1906 च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू संघ आणि युरोपियन संघ समोरासमोर आले. हिंदू संघाने 242 आणि 160 धावा केल्या. युरोपियनांचे डाव 191 आणि 102 वर आटोपले. 109 धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, आणि शिवरामही त्या संघात होते. वंगभंगानंतर देशभर स्वदेशीचे वारे वाहत असतानाचा हा विजय लोकांनी नुसता खेळातला मानला नाही.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेताची झाली. 23 सामन्यांपैकी 6 जिंकले, 15 हरले, 2 अनिर्णित राहिले. बाळू तेव्हा 35 वर्षांचे होते, खांदाही दुखत होता. त्या वर्षी इंग्लंडात उन्हाळा असा कडक पडला की त्यांना मानवणारी ओली खेळपट्टी फारशी मिळालीच नाही. तरीही त्यांनी दौऱ्यात 114 बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8 गडी टिपले. लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात 11 गडी बाद केले आणि तो सामना भारतीय संघाने जिंकला. सॉमरसेटविरुद्ध एका गड्याने मिळालेल्या विजयात शिवराम यांनी नाबाद 113 धावा काढल्या. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते.

इतके झाल्यावर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे यावे, हे साहजिक होते. ते आले नाही. दरवर्षी त्यांचे नाव निघे आणि मागे पडे. कर्णधार एम. डी. पै यांनी स्वतःच एका सत्कारात हा मान बाळूंचा होता असे मोकळेपणाने मान्य केले, तरी निवड करणाऱ्यांचा हात धजला नाही. 1920 साली तर पै आजारी असताना बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद दि. ब. देवधरांना दिले. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर पत्रक काढून संघातून माघार घेतली. हा अन्याय जातीमुळे झाला, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. गाजावाजा झाला, तेव्हा पुढच्या सामन्यात बाळूंना उपकर्णधार नेमले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्यावर संघ त्यांच्या हाती आला. त्यांच्या वाट्याला आलेले कर्णधारपद एवढेच. 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले, युरोपियनांना हरवले, आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले. थोरल्या भावाने मुरवलेल्या मातीत धाकट्याचे पीक आले.

बाळूंच्या नावावर 33 प्रथम श्रेणी सामन्यांत 179 बळी आहेत, सरासरी 15.21. कसोटी सामना एकही नाही, कारण भारत पहिली कसोटी खेळला 1932 च्या जूनमध्ये, बाळूंच्या वयाच्या 56 व्या वर्षी. त्याच वर्षी सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला आणि त्यावर सही करणाऱ्यांत बाळूही होते. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांचा मार्ग डॉ. आंबेडकरांपासून वेगळा झाला होता. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. डॉ. आंबेडकरांना 13,245 मते मिळाली आणि बाळूंना 11,225. ज्याच्या सत्काराचे मानपत्र लिहिले, त्याच्याशीच लढत द्यावी लागावी, असा तो योग होता. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

2001 साली आलेल्या ‘लगान’मधला कचरा पाहून अनेकांना बाळू आठवले. पण दोघांत फरक आहे. कचऱ्याची फिरकी अधू हातातून आपोआप येते. बाळूंची फिरकी चार रुपये पगारात, रोज सकाळी, दुसऱ्याच्या सरावासाठी टाकलेल्या चेंडूंमधून आली. कोणाचे तरी पाहून आरंभ केला, मातीकडून शिकले, चांगल्या फलंदाजासमोर ते तपासून पाहिले, आणि मग ती शैली त्यांची स्वतःची झाली. ती सापडल्यावर मैदान त्यांचे झाले; चहाचा कप मिळायला मात्र नुसती शैली पुरली नाही. त्यासाठी रानड्यांना बोलावे लागले आणि भावांना संघ सोडावा लागला.

आपल्यापैकी कितीतरी जण शाळा सुटल्यावर पुण्या-मुंबईत दुसऱ्यांच्या कामाने आपला दिवस सुरू करू लागले. कोणी त्यातूनच कारागीर झाला, कोणी शिक्षक, कोणी उद्योजक. त्यांना बाळूंची गोष्ट ओळखीची वाटेल. आणि आता शाळेच्या पटांगणात जी मुले चेंडू घेऊन धावत येतात, त्यांना भेटलात तर त्यांनी कोणासारखे टाकावे हे सांगण्यापूर्वी त्यांच्या बोटांतून काय निघते ते जरा थांबून पाहावे. आणि हो, गोलंदाजी करून घेतल्यावर त्यांना फलंदाजीही द्यावी.