समुद्रकिनाऱ्याची कैवारी

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल या लहानशा गावी २७ मे १९०७ रोजी रेचेल कार्सन हिचा जन्म झाला. समुद्र तेथून फार दूर होता; तरी रेचेलला लहानपणापासून समुद्राचे विलक्षण वेड होते. आई तिला रानात नेई, पाखरांची व किड्यामुंग्यांची ओळख करून देई. १९२९ साली वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत ती अभ्यासासाठी गेली, तेव्हा कोठे तिला समुद्राचे प्रथम दर्शन घडले!

१९३२ मध्ये तिने प्राणिशास्त्राची एम. ए. ही पदवी मिळविली. १९३५ मध्ये वडील वारले आणि कुटुंबाचा भार तिच्यावर पडला. पुढच्याच वर्षी तिला सरकारच्या मत्स्य-खात्यात नोकरी मिळाली. कचेरीचे काम सांभाळून ती रात्री लेखन करी. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द सी अराउंड अस' या ग्रंथाने तिचे नाव सर्वतोमुखी झाले.

पुढे नोकरी सोडून कार्सनबाईंनी मेन राज्याच्या किनाऱ्यावर एक छोटेसे घर बांधले. ओहोटी लागली, की त्या खडकांतील डबक्यांपाशी जात. तेथील इवले जीव घरी आणून सूक्ष्मदर्शकाखाली निरखीत आणि मग त्यांना जेथल्या तेथे परत नेऊन सोडीत.

त्या काळी कीटकनाशक विषांची सर्रास फवारणी होत असे. १९५५ साली फ्लॉरिडात वाळूमाश्या मारण्यासाठी किनाऱ्यावरील सुमारे २,००० एकर दलदलीवर असे विष टाकण्यात आले. त्यामुळे ११ लाखांहून अधिक मासे मेले. खेकड्यांचाही संहार झाला. माशांची पिल्ले जेथे वाढतात, ती जागाच विषारी झाली! अशी अनेक उदाहरणे जमवून कार्सनबाईंनी १९६२ मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' हा ग्रंथ लिहिला. विषे मुळीच वापरू नयेत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ती परिणामांचा विचार न करता वापरू नयेत, एवढाच त्यांचा आग्रह होता. तरीही रासायनिक कारखानदारांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. कर्करोगाने देह पोखरला असतानाही त्या डगमगल्या नाहीत. १९६३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी आपली बाजू शांतपणे मांडली.

१४ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. १९७२ मध्ये अमेरिकेने डी.डी.टी.च्या बहुतेक सर्व वापरांवर बंदी घातली. पण ते पाहावयास त्या हयात नव्हत्या. १९६६ मध्ये मेनच्या किनाऱ्यावर स्थापन झालेले एक अभयारण्य आज त्यांचे नाव धारण करते. तेथील खाऱ्या दलदलीत भरतीचे पाणी शिरते, पाणपक्षी उतरतात आणि माशांची पिल्ले निर्धास्तपणे वाढतात.