धर्मगुरू आणि विश्वाचे वय

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पोरगा शिकला की देवाला विसरेल, अशी आजीला धास्ती वाटते. तिला मी जॉर्ज लमेत्र यांची गोष्ट सांगितली.

त्यांचा जन्म १८९४ साली बेल्जियममधील शार्लरुआ येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. १९२३ साली त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि खगोलशास्त्र शिकण्यासाठी केंब्रिज गाठले. विश्व प्रसरण पावत आहे, असे त्यांनी १९२७ साली मांडले. मग काळाच्या उलट दिशेने गेल्यास सारे विश्व एका आदिअणूत सामावलेले असणार, ही कल्पना त्यांनी १९३१ साली मांडली. महास्फोटाच्या सिद्धांताचा पाया तो हाच. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते.

१९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात ईश्वरी निर्मितीला दुजोरा दिसतो, असे सुचविले. दुसरा कोणी हुरळून गेला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. बायबल तारणाचा मार्ग दाखविते, खगोलशास्त्र शिकवीत नाही, असे त्यांचे मत होते. शिवाय उद्या सिद्धांत चुकला तर श्रद्धेनेही कोसळायचे काय? त्यांनी आपले म्हणणे रोमला कळविले. १९५२ साली खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो मुद्दा टाळला.

१९६६ साली लमेत्र वारले. त्यापूर्वी थोडेच दिवस, महास्फोटाची खूण असलेले प्रारण सापडल्याची वार्ता त्यांना कळली होती.

आजीने सगळे ऐकले, आणि देवापुढची वात सारखी करून मला अभ्यासाला बस म्हणाली.