चीनच्या एक कोटी वस्तीच्या शहरात लोक सोलापूरच्या डॉक्टरच्या समाधीवर फुलं वाहायला का जातात?

चीनमध्ये शिजियाझुआंग नावाचं एक शहर आहे. नाव उच्चारताना जीभ अडखळते हे खरं, पण शहर लहान नाही. हबेई प्रांताची ही राजधानी. बीजिंगपासून साधारण पावणेतीनशे किलोमीटरवर. लोकसंख्या एक कोटीच्या पुढे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथं साधं खेडं होतं, मग रेल्वे आली आणि खेड्याचं शहर झालं. आपल्याकडं भुसावळ जसं रेल्वेमुळं वाढलं, तसंच. फक्त हे फारच मोठ्या मापावर.

या शहरात फिरायला गेलं की लोक काय बघतात?

आसपासची दोन ठिकाणं हमखास सांगितली जातात. एक म्हणजे झाओझोऊचा दगडी पूल. १४०० वर्षांपूर्वी बांधलेला, आजही जागेवर उभा. दुसरं म्हणजे झेंगडिंगमधलं लाँगशिंग मंदिर. तिथं वीस मीटरहून उंच अशी ब्राँझची बोधिसत्त्वाची मूर्ती आहे.

आणि तिसरी जागा भर शहरात आहे, झोंगशान रस्त्यावर. उत्तर चीनच्या लढायांमध्ये मारल्या गेलेल्या सैनिकांची ही हुतात्मा दफनभूमी. एप्रिलच्या सुरुवातीला पूर्वजांचं स्मरण करायचा छिंगमिंग सण असतो, तेव्हा इथं गर्दी होते. शाळेची पोरं रांगेनं येतात, फुलं ठेवतात. त्यातल्या एका समाधीवर चिनी अक्षरांत नाव आहे, के दिहुआ.

हा के दिहुआ म्हणजे सोलापूरचा द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. घर मध्यमवर्गीय, दोन भाऊ, पाच बहिणी. ते वाढत होते तेव्हाचं सोलापूर गिरण्यांचं गाव होतं आणि चळवळीचंही. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली. द्वारकानाथ त्या वेळी विशीतला पोरगा. पुढं मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढचं शिक्षण घ्यायचं, जमलंच तर परदेशी जायचं, असा त्या काळच्या कुठल्याही हुशार डॉक्टरचा असतो तसा बेत होता.

परदेशी जाणं झालं. पण ते इंग्लंडला नाही.

तर झालं असं की जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर चढाई केली. वर्ष संपायच्या आत शांघाय पडलं, नानजिंग पडलं. चिनी सैनिक जखमी होत होते आणि त्यांना बघायला डॉक्टरच नव्हते. चिनी कम्युनिस्टांच्या सैन्याचे सेनापती झू दे यांनी थेट जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. ३० जून १९३८ ला त्यांनी पत्रक काढून देशाला आवाहन केलं. जुलैमध्ये ७ ते ९ तारखेला चीन दिवस पाळून देशभर निधी गोळा झाला. २२ हजार रुपये जमले. स्वतः गुलाम असलेल्या देशानं दुसऱ्या देशासाठी जमवलेले २२ हजार!

इथं एक गंमत लक्षात घ्यायला हवी. जपानशी लढणाऱ्या चीनला डॉक्टर पाठवणारे हेच सुभाषबाबू पाच वर्षांनी जपानच्या मदतीनं आझाद हिंद सेना उभी करत होते. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.

पाच डॉक्टरांची निवड झाली. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. म्हणजे पाचांत दोघं आपल्याकडचे. चोळकरांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, पण वयानं मोठे असून ते या मोहिमेवर गेले होते, हे नागपूरकरांनी तरी विसरू नये.

कोटणीसांच्या घरी चीनबद्दल काय माहिती होती? दारावर चिनी रेशीम विकायला फेरीवाले यायचे, बस तेवढीच. पोरगा निघाला होता त्या देशात, तेही लढाईत.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून राजपुताना नावाच्या बोटीतून पाचही जण निघाले. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. मराठी, इंग्रजी येणाऱ्या या माणसाला चिनी भाषेचा गंध नव्हता. बोटीवरच त्यांनी वहीत चिनी शब्द उतरवून घ्यायला सुरुवात केली. ही वही लक्षात ठेवा.

ही मंडळी दक्षिणेला ग्वांगझोऊला उतरली, तिथून वुहानला गेली. दोन्ही शहरं ऑक्टोबर १९३८ संपेपर्यंत जपान्यांच्या ताब्यात गेली. डॉक्टर पुढं आणि लढाई मागून, असा प्रवास करत पथक चोंगछिंगला पोचलं.

चोंगछिंगला असताना सोलापूरहून बातमी आली. वडील गेले.

घरी जाणं हे कुणालाही समजण्यासारखं होतं. कुणी बोट दाखवलं नसतं. त्यातून करार एक वर्षाचा होता, तोही कुणी जबरदस्तीनं करून घेतलेला नव्हता. सहकाऱ्यांनी परत जायचं सुचवलं, तरी कोटणीसांनी थांबायचं ठरवलं. त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यांत अवघड निर्णय असावा. लढाईतलं शौर्य लोकांना दिसतं, पण घरी आई आणि भावंडं असताना आलेलं असं पत्र घडी घालून खिशात ठेवणं कुणाला दिसत नाही. घरच्यांनी त्यानंतर त्यांना कधीच पाहिलं नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. हे चिनी कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं. माओ झेडाँग स्वतः भेटले. पाचही डॉक्टरांनी आपापल्या नावाच्या शेवटी 'हुआ' जोडून चिनी नावं घेतली होती. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले के दिहुआ.

पुढं चोळकर आणि मुखर्जी परतले, नंतर अटलही परतले. बसू १९४३ पर्यंत राहिले (पुढं भारतात ॲक्युपंक्चर आणणारे तेच हे डॉ. बसू). कोटणीस मात्र १९३९ च्या अखेरीस आघाडीकडं सरकले. उत्तरेकडच्या वूताईच्या डोंगररांगांत आठव्या रूट आर्मीसोबत त्यांचं काम सुरू झालं.

हे काम कसं होतं, हे नंदुरबारच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजही रस्त्याअभावी रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरून आणावं लागतं, त्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. तिथंही डोंगर, थंडी आणि पायवाटा. वर जपानी सैन्य मागावर. दवाखान्याला इमारत नाही. शेतकऱ्याचं घर हाच वॉर्ड, तिथलं लाकडी टेबल किंवा फळी हेच ऑपरेशन टेबल. औजारं खेचरांवर लादायची आणि शत्रू जवळ आला की रात्रीत मुक्काम हलवायचा. औषधांची कायमची टंचाई.

१९४० मधल्या एका मोठ्या लढाईत कोटणीसांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईत ८०० हून जास्त जखमींवर त्यांनी उपचार केले. या आकड्यांपलीकडं बघितलं तर जखमीला मागं न आणता डॉक्टरनंच पुढं जायचं, ही त्यामागची पद्धत होती. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांनी ती याच भागात रुजवली होती. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून गेले. त्यांच्या नावानं जे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय उभं राहिलं, त्याचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. म्हणजे कॅनडाच्या माणसाच्या नावाचं, चीनमधलं हॉस्पिटल, आणि ते चालवणारा सोलापूरचा.

तोवर चिनी भाषा त्यांना इतकी यायला लागली होती की बेथ्यूनच्याच नावाच्या वैद्यकीय शाळेत ते चिनीतून शिकवत होते.

बेथ्यूनच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची ओळख गुओ छिंगलान यांच्याशी झाली. त्या नर्स होत्या आणि नर्सिंग शिकवायच्या. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचं नाव सेनापती न्ये रोंगझेन यांनी सुचवलं, यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

याच काळात इकडं भारत छोडो सुरू होतं. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या माणिक चौकात पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार तिथं हुतात्मा झाले. बरोबर तीन महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४२ ला, हबेईच्या तांग तालुक्यातल्या एका खेड्यात डॉ. कोटणीस गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

गोळी लागली नव्हती. त्यांना अपस्माराचे झटके यायचे. उपासमार, अपुरी झोप आणि सततची धावपळ यांनी शरीर पोखरलं होतं. ज्याच्या हाताखाली अख्खं हॉस्पिटल होतं, त्याच्यासाठी लागणारी औषधं आणि विश्रांती त्या डोंगरात नव्हती. शेवटच्या वर्षी, जुलै १९४२ मध्ये, ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. म्हणजे मदतीला आलेला पाहुणा उरला नव्हता. नानछुआन गावात त्यांना पुरलं. माओंनी स्वतः शोकसंदेश लिहिला.

भारतात हे सगळं घरोघरी पोचलं ते सिनेमातून. ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. स्वतः शांताराम कोटणीस झाले, जयश्री त्यांची चिनी पत्नी. सिनेमा गाजला, पण त्यात प्लेगचं एक मोठं कथानक घातलंय आणि नायकाच्या मृत्यूचा संबंध त्याच्याशी जोडलाय. त्यामुळं कोटणीस प्लेगनं गेले असं आजही काही जण सांगतात. ते खरं नाही. खरं तर मूळ गोष्टीला या मसाल्याची गरजच नव्हती.

चीनमध्ये मात्र त्यांची आठवण सिनेमावर अवलंबून राहिली नाही. १९४९ नंतर त्यांचे अवशेष खेड्यातून शिजियाझुआंगला आणले गेले आणि त्याच हुतात्मा दफनभूमीत समाधी बांधली. बेथ्यूनची समाधीही त्याच आवारात आहे. १९७६ मध्ये तिथं स्मारक-संग्रहालय सुरू झालं. १९८२ मध्ये त्यांच्या ४० व्या स्मृतिवर्षाला चीननं तिकिटं काढली आणि त्यांच्यावर चिनी सिनेमाही आला. आपल्या टपाल खात्याचं तिकीट यायला १९९३ उजाडलं. शिजियाझुआंगमध्ये त्यांच्या नावाचं वैद्यकीय विद्यालय आहे आणि तिथले विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात.

मधल्या काळात १९६२ चं युद्ध होऊन गेलं, सीमेवर आजही तणाव येतो-जातो. दोन्ही देशांना जवळीक दाखवायची वेळ आली की कोटणीसांचं नाव निघतं. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटतात, २००६ मध्ये हू जिंताओ मुंबईत भेटले, २०१४ मध्ये शी जिनपिंग दिल्लीत. यात राजकारण आहेच. पण फुलं ठेवायला येणाऱ्या शाळकरी पोरांना सीमावादाशी काय देणंघेणं?

या गोष्टीतला सगळ्यांत दुखरा भाग समाधीवर लिहिलेला नाही. यिनहुआ बापासारखा डॉक्टर व्हायला निघाला होता. शिक्षण संपायच्या थोडं आधी, १९६७ मध्ये, तो २४ व्या वर्षी गेला. गुओ छिंगलान यांनी नंतर दुसरं लग्न केलं, पण सोलापूर-मुंबईच्या सासरशी नातं तोडलं नाही. त्या अनेकदा भारतात आल्या. २८ जून २०१२ ला दालियान शहरात त्यांचं निधन झालं, वय ९६.

त्याच २०१२ मध्ये सोलापुरातल्या भैय्या चौकातलं कोटणीसांचं जन्मघर स्मारक म्हणून लोकांसाठी खुलं झालं होतं. सोलापूरला सिद्धेश्वर आणि भुईकोट किल्ला बघायला गेलात तर तिथंही जाऊन या, स्टेशनपासून लांब नाही.

आणि कधी चीनला जाणं झालंच, तर बीजिंगहून वेगवान रेल्वेनं शिजियाझुआंग दीड तासाच्या आत येतं. दगडी पूल आणि मंदिरासाठी शहराबाहेर जावं लागतं, दफनभूमी मात्र शहरातच आहे. समाधी बघून झाली की तिथल्या संग्रहालयात शिरा. शस्त्रक्रियेची काही औजारं ठेवलीत, जुने फोटो आहेत. आणि बोटीवर चिनी शब्द उतरवलेली ती वहीही तिथंच आहे.