हुकूमशहाची भूमिका : उत्पल दत्त यांचे नाट्यजीवन

मराठी प्रेक्षकांना उत्पल दत्त आठवतात ते १९७९ सालच्या ‘गोलमाल’मधील भवानीशंकर म्हणून. मिशी नसलेला पुरुष विश्वासास पात्र नाही, अशी त्या गृहस्थांची गाढ श्रद्धा असते. बंगाली रसिकाला मात्र या नावाबरोबर मिनर्व्हा थिएटर आठवते, १९६५ सालचा तुरुंगवास आठवतो आणि हिऱ्यांच्या खाणींचा एक राजा आठवतो. या दोन स्मृतींत वाटते तितके अंतर नाही. कचेरीत आणि घरात आपलाच शब्द अखेरचा मानणारा शेठ व अवघ्या राज्याला आपल्याच सुरात बोलावयास लावणारा राजा, ही दोन्ही पात्रे एकाच दीर्घ अभ्यासातून निपजली आहेत. सत्ताधीशाचे अंतरंग हा दत्तांच्या साडेचार दशकांच्या नाट्यजीवनाचा विषय होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

२९ मार्च १९२९ हा त्यांचा जन्मदिवस. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्याचे अध्ययन केले. विद्यार्थिदशेतच, १९४७ मध्ये, त्यांनी मित्रांना जमवून शेक्सपिअरचे ‘तिसरा रिचर्ड’ हे नाटक रंगभूमीवर आणले आणि राजाची भूमिका स्वतः केली. तो प्रयोग पाहून जेफ्री व लॉरा केंडल यांनी या तरुणास आपल्या फिरत्या नाटकमंडळीत घेतले. पहिलीच गाजलेली भूमिका एका सत्तापिपासू राजाची असावी, हा योगायोग खरा. पण तो फलद्रूप झाला. रिचर्ड प्रत्येक दुष्कृत्यापूर्वी प्रेक्षकांना विश्वासात घेतो. आपण त्याच्याबरोबर हसतो आणि मग त्या हसण्याची लाज वाटू लागते. जुलमी पुरुष केवळ भयावर जगत नाही, त्याला टाळी लागते, हा धडा दत्तांनी येथे घेतला असावा.

लिटल थिएटर ग्रुप या त्यांच्या संस्थेने आरंभी इंग्रजी नाटकेच केली. इंग्रजी जाणणाऱ्या मूठभर शहरवासीयांसाठी नाटक करण्यात अर्थ नाही हे ध्यानी येताच दत्त बंगालीकडे वळले, ‘मॅकबेथ’ बंगालीत घेऊन खेडोपाडी गेले. १९५९ मध्ये मिनर्व्हा थिएटर त्यांच्या हाती आले आणि कोळशाच्या खाणीत बुडणाऱ्या मजुरांवरील ‘अंगार’ने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. मार्च १९६५ मध्ये ‘कल्लोल’ आले. विषय मुंबईचा, फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांच्या उठावाचा. इतिहासात जहाजे शरण गेली. दत्तांचे ‘खैबर’ शरण जात नाही. इतिहासाशी घेतलेली ही मोकळीक आणि तीतून तत्कालीन नेतृत्वावर होणारा आरोप सत्ताधाऱ्यांना रुचला नाही. वृत्तपत्रांनी जाहिराती नाकारल्या. सप्टेंबरमध्ये भारत संरक्षण नियमांखाली दत्त चौकशीविना तुरुंगात गेले आणि काही महिन्यांनी, १९६६ मध्ये, सुटले. नाटक मात्र चालूच राहिले.

येथे आफ्रिकेची आठवण अपरिहार्य ठरते. केनियाचे गूगी वा थिओंगो यांनी कामिरीथू गावच्या शेतकरी-कामकऱ्यांसह गिकूयू भाषेत नाटक केले आणि डिसेंबर १९७७ मध्ये तेही चौकशीविना वर्षभर कैदेत पडले. दोघांच्याही बाबतीत शिक्षा झाली ती लोकभाषेतील रंगभूमीची. स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने आपल्याच लेखकास कैद करावे, या अनुभवातून पुढे गूगींची ‘कावळ्याचा मांत्रिक’ ही प्रचंड कादंबरी उभी राहिली. तिच्यातील अनामिक शासकाभोवती असे मंत्री आहेत की, धन्याचा डोळा व्हावा म्हणून एक आपले डोळे शस्त्रक्रियेने मोठे करून घेतो, तर दुसरा कान. स्तुतिपाठकांनी फुगविलेला हा शासक आणि दत्तांचा राजा एकमेकांना सहज ओळखतील.

१९७१ मध्ये पीपल्स लिटल थिएटर स्थापन झाले. ‘बॅरिकेड’ या १९७२ सालच्या नाटकात १९३३ चे बर्लिन होते, प्रेक्षकांनी त्यात आपला बंगाल वाचला. (त्याच वर्षी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना नाचत होता, सत्ता गाते आणि नाचतेही, हे दोन्ही रंगभूमींना एकदमच जाणवले.) १९७४ मध्ये ‘दुःस्वप्नेर नगरी’च्या प्रयोगावर गुंडांनी हल्ला केला. पुढच्या वर्षी आणीबाणी जाहीर झाली तेव्हा दत्तांनी ‘मॅकबेथ’ पुन्हा उभे केले. शेक्सपिअरवर बंदी घालणे कोणत्याही सरकारला जड जावे!

या सर्व तयारीचे फळ म्हणजे १९८० सालच्या सत्यजित राय यांच्या ‘हीरक राजार देशे’ या चित्रपटातील राजा. वरवर ही मुलांची कथा. राजा यमकात बोलतो, मंत्री माना डोलावतात, बक्षिसादाखल हार गळ्यात पडतात. पाठशाळा बंद होते, ग्रंथ जाळले जातात. उत्सवाला पाहुणे येणार म्हणून दरिद्री लोक नजरेआड केले जातात. आणीबाणीतील झोपडपट्ट्यांची पाडापाडी विसरलेली नव्हती. शेतकरी, खाणमजूर आणि गायक यांना यंत्रगृहात नेऊन राजभक्तीचे मंत्र त्यांच्या मेंदूत कोंबले जातात. यमकात न बोलणारा एकटा पंडित उदयन. दत्तांनी या राजाला राक्षस केले नाही. प्रत्येक यमक पुरे होताच त्यांची नजर दरबारावरून फिरते, होकार आला की चेहरा खुलतो, किंचित उशीर झाला की गढूळतो. तो टाळीचा भुकेला नट आहे. म्हणूनच अखेरीस त्याच यंत्रगृहात त्याची बुद्धी धुतली जाते आणि तो स्वतःच्याच पुतळ्याचा दोर ओढावयास धावतो, तेव्हा ते अविश्वसनीय वाटत नाही. ज्याला केवळ सर्वांच्या सुरात सूर मिळविणे ठाऊक, तो तो सूर आपल्याविरुद्धही लावतो.

परंतु चरित्रकाराने एक गोष्ट झाकू नये. या चित्रपटाच्या आदल्याच वर्षी दत्तांनी ‘स्टालिन १९३४’ हे नाटक लिहिले होते. १९३४ हे किरोवच्या हत्येचे वर्ष. त्यानंतरच्या शुद्धीकरणात किती जीव गेले हे तेव्हाही अज्ञात नव्हते. दत्त मात्र स्टालिनचे समर्थक होते आणि अखेरपर्यंत राहिले. होकार भरणारा दरबार ज्याने इतका नेमका दाखविला, त्याला तो मॉस्कोत कसा दिसला नाही? मला वाटते, दत्तांच्या लेखी हुकूमशहा हा नेहमी खाणीच्या मालकाचा पहारेकरी होता. जेथे खाजगी खाण नाही तेथे हुकूमशहा असू शकेल, हे त्यांच्या विचारात बसत नव्हते. पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्यावर १९९० मध्ये त्यांनी ‘लाल दुर्ग’ लिहिले, तेही निष्ठेच्याच बाजूने. त्यांच्यातील नटाला जे कळत होते ते त्यांच्यातील विचारवंताने मान्य केले नाही, एवढेच म्हणता येते.

माणिक बंद्योपाध्यायांच्या १९३६ सालच्या कादंबरीवरून गौतम घोष यांनी ‘पद्मा नदीर माझी’ हा चित्रपट केला, तो १९९३ चा. त्यात दत्त होसेन मिया झाले. हा हसतमुख व्यापारी गरीब कोळ्यांना मदत करतो, अफूचा चोरटा धंदा करतो आणि मयनाद्वीप या आपल्या निर्जन बेटावर एकेक कुटुंब नेऊन वसवितो. तेथे त्याचाच कायदा. तो तारणहार आहे की धनी, हे कादंबरी सांगत नाही. दत्तांचा अभिनयही सांगत नाही. कुबेर त्याच्या होडीत चढतो तेव्हा त्या मऊ आवाजाचा आधारही वाटतो आणि धाकही. १९ ऑगस्ट १९९३ रोजी कलकत्त्यात उत्पल दत्त यांचे निधन झाले.