डॉ. प्रफुल्लकुमार सेन

देहातील इतर अवयवांवर शस्त्रक्रिया करण्यास वैद्य फार पूर्वीच धजले होते. परंतु हृदयाला हात लावण्याचे धाडस विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्वचितच कोणी करी. याचे कारण उघड आहे. मोडलेल्या हाताला महिनाभर विश्रांती देता येते. हृदयाला ती चार मिनिटेही देता येत नाही, कारण तेवढ्यात मेंदूला इजा पोहोचू लागते. आणि चालत्या हृदयावर शस्त्र चालविणे हे धावत्या गाडीचे चाक दुरुस्त करण्याइतकेच अवघड होय. हे काम ज्या मोजक्या शल्यविशारदांनी आपल्या देशात आरंभिले, त्यांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव अग्रभागी आहे.

सेन यांचा जन्म १९१५ साली कलकत्त्यास झाला. तथापि, त्यांची कर्मभूमी मुंबई हीच होय. परळ येथे १९२६ साली महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे अध्यापक व वैद्य भारतीयच असावेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. परकीय सत्तेच्या काळात ही अट लहानसहान नव्हती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन सेन परतले आणि याच रुग्णालयात त्यांनी आपले आयुष्य वेचले.

त्या काळी हृदयरोग हा केवळ उतारवयाचा आजार नव्हता. दाटीवाटीच्या, दरिद्री वस्तीत राहणाऱ्या मुलांचा घसा वारंवार धरतो. त्यातून काहींना संधिज्वर होतो. ताप उतरतो, सुजलेले सांधे पूर्ववत होतात. पण हृदयाच्या झडपेवर त्याची खूण राहते. झडपेची पाती एकमेकांना चिकटू लागतात आणि रक्ताची वाट अरुंद होते. आपल्या देशात दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही हा विकार जडलेला दिसे. चार पावले चालताच धाप लागे. रात्री आडवे पडून झोप येत नसे. मुंबईच्या चाळींतून, कोकणातून, नगर-साताऱ्याकडच्या खेड्यांतून असे रुग्ण मोठ्या शहरातील रुग्णालय गाठीत.

अशा रुग्णाची छाती उघडून, हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक बोट घालून, चिकटलेली पाती अलगद विलग करावयाची, ही शस्त्रक्रिया सेन यांनी के. ई. एम. मध्ये सुरू केली. येथे शल्यविशारदाला काही दिसत नाही. त्याचे बोट हाच त्याचा डोळा! जन्मतःच हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेल्या मुलांसाठी मात्र हृदय उघडावेच लागे. त्याकरिता मुलाला भूल देऊन त्याचे शरीर बर्फाने थंड करीत. देहाची उष्णता तीस अंशांपर्यंत उतरली, की मेंदूला रक्त कमी पुरते, आणि हृदय उघडण्यास सहा-आठ मिनिटांचा अवधी मिळतो. तेवढ्यात छिद्र शिवून झालेच पाहिजे.

हे एकट्याचे काम नव्हे, हे सांगावयास नको. भूल देणारा वैद्य घड्याळाकडे पाहत एकेक मिनिट मोजीत असतो. एक जण नाडी पाहतो, दुसरा रक्त पुरवितो. शस्त्रक्रिया संपली, की खरी जबाबदारी परिचारिकेवर येते. बोलता न येणाऱ्या लहान मुलाच्या श्वासावरून, ओठांच्या रंगावरून आणि लघवीच्या मापावरून त्याची स्थिती तिला ओळखावी लागते, आणि तीही रात्रभर. सेन यांनी परळला असा संघ उभारला. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत डॉ. जी. बी. परुळकर यांच्यासारखे शल्यविशारद होते.

सेन यांची बुद्धी केवळ रूढ वाटेने जाणारी नव्हती. सापासारख्या प्राण्यांत हृदयाच्या स्नायूला पुष्कळसे रक्त थेट आतल्या कप्प्यातूनच मिळते. मग माणसाच्या रोगट हृदयातही सुईने बारीक वाटा पाडून ते का देता येऊ नये, असा विचार करून त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. पुढे पाश्चात्त्य देशांत हीच कल्पना लेसर किरणांच्या साहाय्याने पुन्हा पुढे आली.

एकाचे हृदय दुसऱ्यास बसविण्याचे प्रयोगही प्रयोगशाळेत कुत्र्यांवर कित्येक वर्षे चालू होते. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयरोपण केले. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कला एका तान्ह्या बालकावर तसा प्रयत्न झाला. ते बालक काही तासच जगले. फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी परळला एका तरुण शेतमजुरास दुसऱ्याचे हृदय बसविले. ते जगातील सहावे हृदयरोपण होते. नवे हृदय चालू झाले. पण तीन तासांनी रुग्णाचा अंत झाला. त्याच वर्षी केलेला दुसरा प्रयत्नही यशस्वी झाला नाही.

यात त्यांचे कौशल्य कमी पडले, असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही. परक्या हृदयाचा देहाने अव्हेर करू नये यासाठी लागणारी प्रभावी औषधे तेव्हा कोठेच नव्हती. त्या वर्षी जगभर शंभराहून अधिक हृदयरोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावले. शिवाय, हृदय चालू असता मनुष्य मृत केव्हा मानावा, हे आपल्या कायद्याने ठरविलेले नव्हते. सेन यांनी तो मार्ग पुढे नेला नाही. झडपांची व रक्तवाहिन्यांची कामे मात्र चालूच राहिली. १९६९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. फावल्या वेळी ते चित्रे काढीत.

१९८२ साली सेन निवर्तले. अवयवरोपणाचा कायदा भारतात १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीला डॉ. वेणुगोपाळ यांनी केलेले हृदयरोपण यशस्वी झाले. परळच्या त्या रात्रीला तेव्हा सव्वीस वर्षे लोटली होती.